नोकरी सांभाळून कम्प्युटेशनल न्यूरोसायन्सची तयारी: कोर्स कमी करा, एक प्रश्न शेवटपर्यंत न्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची पदवी, पुण्यात चार वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी, दहावीनंतर जीवशास्त्राला हात लावलेला नाही, रोज संध्याकाळी दोनेक तास मिळतात. मेंदूवर संशोधन करायचं आहे, पण नोकरी लगेच सोडता येत नाही. स्वतः अभ्यास करून कम्प्युटेशनल न्यूरोसायन्सच्या (गणित आणि संगणक वापरून मेंदू समजून घेणाऱ्या शास्त्राच्या) पीएच.डी.पर्यंत पोहोचता येईल का, आणि सुरुवात कुठून करायची?

पोहोचता येतं. बाहेरच्या विषयातून आलेल्या माणसांनीच हे क्षेत्र बरंचसं उभं केलंय. न्यूरॉनच्या, म्हणजे चेतापेशीच्या, फांद्यांमधून विद्युतसंकेत कसा पसरतो याचं गणित मांडणारे विल्फ्रिड रॉल मुळात भौतिकशास्त्र शिकलेले. १९८२ साली स्मृतीच्या जाळ्याचं मॉडेल देणारे जॉन हॉपफील्डही भौतिकशास्त्रज्ञ; त्या कामाला २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यामुळे ‘माझ्याकडे बायोलॉजीची पदवी नाही’ ही गोष्ट मी अडचण मानत नाही. अडचण दुसरीकडे आहे आणि ती मला अर्ज वाचताना सारखी दिसते. अर्जदाराकडे मशीन लर्निंग, डीप लर्निंग, न्यूरोसायन्सची ओळख अशा कोर्सेसची लांबलचक यादी असते. मुलाखतीत विचारावं, ‘यातला एखादा प्रश्न तुम्ही शेवटपर्यंत नेलाय का? आकृती काढली, ती चुकीची निघाली, का चुकली ते शोधलं, असं काही?’ की समोर शांतता. आधी सगळं शिकून घेऊ आणि मग संशोधनाकडे वळू, हा क्रम एकट्याने अभ्यास करणाऱ्याला मानवत नाही, कारण ‘सगळं’ कधी संपतच नाही. एक छोटा प्रश्न धरा, तो पूर्ण सोडवा, आणि त्याला लागेल तेवढं गणित आणि जीवशास्त्र त्याच्या निमित्ताने शिका. पुढचं सगळं या एका सल्ल्याचाच तपशील आहे.

पहिला प्रश्न मीच सुचवते: न्यूरॉनमध्ये विद्युतसंकेत कसा तयार होतो ते सांगणारं हॉजकिन-हक्सली मॉडेल कोऱ्या फाइलपासून स्वतः लिहा. तयार लायब्ररी नको, कुणाचा कोड उतरवणं नको.

इंग्लंडमधल्या प्लिमथच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड चेतातंतूवर प्रयोग केले. पेशीच्या पटलाचं व्होल्टेज एका पातळीवर रोखून धरायचं आणि त्या वेळी किती प्रवाह वाहतो ते मोजायचं, ही त्यांची पद्धत. त्या मोजमापांवरून सोडियम आणि पोटॅशियमच्या वाटा कशा उघडतात, कशा बंद होतात याची समीकरणं त्यांनी १९५२ मध्ये छापली. ही समीकरणं सोडवायच्या वेळी केंब्रिजचा संगणक बंद होता, म्हणून हक्सलींनी हाताने फिरवायच्या यंत्रावर ती आकडेमोड केली. १९६३ चं नोबेल या कामाला आहे. तुमच्या लॅपटॉपवर तेच गणित डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं, त्यामुळे त्यांना जे प्रश्न विचारायला आठवडे लागले असते ते तुम्ही एका संध्याकाळी विचारू शकता.

समीकरणं चारच आहेत: एक व्होल्टेजचं आणि बाकीची तीन त्या वाटांवरच्या दारांची, ज्यांना एम, एच (दोन्ही सोडियमची) आणि एन (पोटॅशियमचं) म्हणतात. लिहायला बसलात की पहिला गोंधळ चिन्हांचा होईल. मूळ निबंधात विश्रांतीचं व्होल्टेज शून्य धरलंय आणि दिशा आजच्या उलट आहे. आजच्या पुस्तकांत विश्रांती उणे ६५ मिलिव्होल्टला असते. दोन ठिकाणची सूत्रं मिसळली की काहीच चालत नाही, म्हणून एक पद्धत पकडा आणि ती कागदावर स्वतः दुसऱ्या पद्धतीत बदलून बघा. मग एककं. कपॅसिटन्स दर चौरस सेंटिमीटरला १ मायक्रोफॅरड, सोडियमची कमाल वाहकता १२०, पोटॅशियमची ३६ आणि गळतीची ०.३ मिलिसीमेन्स. वेळ मिलिसेकंदात आणि व्होल्टेज मिलिव्होल्टमध्ये ठेवलं तर हे आकडे एकमेकांशी आपोआप जुळतात. सेकंद आणि व्होल्ट वापरायला गेलात तर दहाचे घात सांभाळता सांभाळता वेळ जाईल.

यानंतर एक अडचण हमखास येते. एन दाराच्या उघडण्याच्या दराचं सूत्र उणे ५५ मिलिव्होल्टला शून्य भागिले शून्य होतं, आणि एमचं उणे ४० ला. सिम्युलेशन नेमकं त्या आकड्यावर पडलं, किंवा तुम्ही दाराच्या दराचा आलेख काढायला सरळ पूर्णांकांची यादी घेतली, की नमपाय ‘नॅन’ (आकडाच नाही) दाखवतो, आणि साधा पायथन शून्याने भागल्याची एरर देऊन थांबतो. बरेच जण इथे छोटासा आकडा मिळवून पुढे जातात. तुम्ही थांबा. तिथली मर्यादा, म्हणजे लिमिट, हाताने काढा: पहिल्याची ०.१ येते, दुसऱ्याची १. अकरावी-बारावीचं गणित आहे, पण ते इथे कशासाठी लागलं हे एकदा दिसलं की विसरत नाही.

आता मॉडेलवर प्रयोग सुरू करा. दर चौरस सेंटिमीटरला १० मायक्रोअँपिअरचा स्थिर प्रवाह द्या. साधारण १४-१५ मिलिसेकंदांनी एक अशा स्पाइक, म्हणजे व्होल्टेजच्या क्षणिक उसळ्या, येत राहिल्या पाहिजेत. तशा आल्या नाहीत तर कोडमध्ये चूक आहे. मग प्रवाह हळूहळू कमी करत जा. स्पाइकचा वेग संथ होत होत शून्यावर येईल अशी तुमची अपेक्षा असेल. तसं होत नाही. ६ च्या आसपास आलात की सेकंदाला पन्नासेक स्पाइक देणारं हे मॉडेल एकदम गप्प होतं, मधली पायरीच नाही. असं का? याचं उत्तर शोधताना तुम्ही नॉनलिनिअर डायनॅमिक्स शिकता, फेज प्लेन (दोन चलं एकमेकांसमोर मांडणारा आलेख) शिकता, फिट्झह्यूने १९६१ मध्ये या चार समीकरणांचं सार दोन समीकरणांत कसं आणलं ते शिकता. तेही अशा मन:स्थितीत, की उत्तर तुम्हाला खरंच हवंय.

आणखी एक प्रयोग, माझा सगळ्यात आवडता. न्यूरॉनला उलटा प्रवाह द्या, म्हणजे त्याला दाबून ठेवा. काही मिलिसेकंदांनी प्रवाह अचानक काढून घ्या. बाहेरून कसलाही धक्का न देता न्यूरॉन एक स्पाइक टाकतो. दाबून ठेवलेल्या काळात पोटॅशियमची दारं नेहमीपेक्षा जास्त मिटलेली असतात आणि सोडियमला अडवणारा एचचा अडसर नेहमीपेक्षा जास्त मोकळा झालेला असतो. दाब निघाला की एम लगेच उघडतो, पण एच आणि एन हळू चालतात, ते मागे राहतात, आणि त्या फटीत स्पाइक निघून जातो. चारही चलांचे आलेख एकाखाली एक काढून हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. अवरोध म्हणजे फक्त ‘वजाबाकी’ नाही, अवरोधानंतर न्यूरॉन पेटूही शकतो, हे ज्याने असं पाहिलं त्याची मेंदूतल्या लयींकडे बघण्याची नजर बदलते. हे सगळं नीट करायला नोकरी करणाऱ्या माणसाला दोन-तीन महिने सहज लागतात. लागू द्या.

सोबतीला एखादं पुस्तक हवंच. वुल्फराम गर्स्टनर आणि सहकाऱ्यांचं ‘न्यूरॉनल डायनॅमिक्स’ २०१४ चं आहे आणि इंटरनेटवर पूर्ण मोफत वाचता येतं. एकट्याने शिकणाऱ्याला ते जास्त मानवतं. डायन आणि अ‍ॅबट यांचं २००१ चं पाठ्यपुस्तक अजूनही या विषयाचा पाया आहे, पण ते दाट आहे. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा हट्ट धरू नका, लागेल ते प्रकरण काढा.

गणिताबद्दल लोक फार घाबरतात, म्हणून थोडक्यात सांगते. तीन गोष्टी पक्क्या हव्यात: लिनिअर अल्जिब्रा (आयगेन व्हॅल्यू आणि एसव्हीडी म्हणजे काय हे चित्र काढून समजावता येईल इतकी), डिफरन्शियल इक्वेशन्स, आणि प्रॉबॅबिलिटी. तुम्ही इंजिनिअर आहात, हे सगळं एकदा परीक्षेपुरतं केलेलं आहे. एनपीटेलवर पुन्हा बघा, पण प्रत्येक व्याख्यानानंतर पाच गणितं हाताने सोडवा. नुसतं ऐकून आलेलं गणित पहिल्याच निबंधात उघडं पडतं.

जीवशास्त्राबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण सॉफ्टवेअरकडून येणारे लोक इथे कमी पडतात. न्यूरॉन म्हणजे बेरीज करून उंबरठ्याशी तुलना करणारा ठोकळा, ही कल्पना डीप लर्निंगमधून डोक्यात बसलेली असते. ती काढायला वेळ द्यावा लागतो. सुरुवात अगदी खालून करा. सस्तन प्राण्याच्या पेशीत पोटॅशियम साधारण १४० मिलिमोलर, बाहेर ५. आत-बाहेरच्या प्रमाणावरून समतोलाचं व्होल्टेज देणाऱ्या नर्न्स्टच्या समीकरणात शरीराच्या तापमानाला हे आकडे घाला, उणे ८९ मिलिव्होल्टच्या आसपास उत्तर येतं. मग विचारा, प्रत्यक्षात न्यूरॉनची विश्रांती उणे ७० च्या आसपास का असते? उरलेले वीसेक मिलिव्होल्ट कुठे गेले? या एका प्रश्नाने पटलाचं अर्धं शरीरक्रियाशास्त्र उलगडतं. त्यानंतर वेळेच्या मोजपट्ट्या मनात बसवा. स्पाइक एक-दोन मिलिसेकंदांची. सिनॅप्सवर, म्हणजे दोन न्यूरॉनच्या सांध्यावर, संकेत पकडणाऱ्या अ‍ॅम्पा ग्राहकाचा प्रवाह काही मिलिसेकंदांत ओसरतो, एनएमडीएचा कित्येक पटींनी लांबतो. सिनॅप्सची ताकद बदलली तर तो बदल तासन्‌तास टिकतो. एखादं मॉडेल वाचताना ‘हे नेमक्या कोणत्या काळाच्या मापावर चाललंय?’ हा प्रश्न आपोआप आला पाहिजे. तो यायला लागला की जीवशास्त्र तुमच्यात मुरू लागलंय असं समजा.

जमलं तर कुठल्याही चेताविज्ञानाच्या प्रयोगशाळेत एक दिवस नुसतं बसा. प्रत्यक्ष रेकॉर्डिंगमध्ये किती गोंगाट असतो, इलेक्ट्रोड सरकतो कसा, प्राणी तासाभराने कंटाळतो कसा, हे बघितलेला माणूस डेटाकडे वेगळ्या सावधपणाने बघतो.

आणि तुमचा दुसरा प्रश्न डेटातूनच यायला हवा. आजच्या विद्यार्थ्यांचं नशीब असं, की जगातल्या उत्तम प्रयोगशाळांची मोजमापं घरबसल्या मिळतात. अ‍ॅलन इन्स्टिट्यूट या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेचा डेटा खुला आहे, डँडी नावाच्या संग्रहात कितीतरी रेकॉर्डिंग्ज आहेत. फळमाशीच्या पूर्ण मेंदूचा नकाशा २०२४ मध्ये आला, सुमारे १ लाख ३९ हजार न्यूरॉन आणि त्यांच्या जोडण्या. तोही कुणालाही उतरवून घेता येतो. सुरुवातीला मी स्टाइनमेट्झ आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा डेटा घ्यायला सांगते. उंदरासमोर डावीकडे आणि उजवीकडे पट्ट्यांची चित्रं येतात. जास्त ठळक चित्र मधे येईल असं त्याने पुढच्या पायांनी चाक फिरवायचं, आणि चित्रच नसेल तर चाक स्थिर धरायचं. हे चाललेलं असताना मेंदूच्या ४२ भागांतले मिळून सुमारे ३० हजार न्यूरॉन नोंदवलेत.

सुरुवात साधी ठेवा. एका न्यूरॉनच्या स्पाइक ठिपक्यांनी मांडा, प्रत्येक ओळ म्हणजे एक ट्रायल, प्रयोगाची एक फेरी. सरासरी काढण्याआधी त्या ठिपक्यांकडे दहा मिनिटं नुसतं बघा. एकच चित्र, तोच उंदीर, तरी प्रत्येक ओळ वेगळी. स्पाइकच्या संख्येचं व्हेरिअन्स आणि सरासरी यांचं गुणोत्तर काढा, ते एकच्या किती जवळ येतं ते बघा. पॉइसाँ प्रक्रिया (एकमेकांवर अवलंबून नसलेल्या यादृच्छिक घटनांचं गणित) पुस्तकात का भेटते ते इथे कळेल. मग विचारा: उंदीर डावीकडे फिरवणार की उजवीकडे, हे कोणत्या भागाच्या स्पाइकवरून आधी ओळखता येतं?

इथे तुमचं मशीन लर्निंगचं ज्ञान कामाला येईल, आणि नेमकं इथेच ते दगा देऊ शकतं. तुम्ही क्लासिफायर (डेटावरून डावं की उजवं ते ओळखणारा प्रोग्राम) लावाल, नव्वद टक्के अचूकता येईल, आनंद होईल. आता तीन गोष्टी तपासा. ट्रेनिंग आणि टेस्टिंगची वाटणी वेळेच्या तुकड्यांनुसार यादृच्छिक केली असेल, तर एकाच ट्रायलचे शेजारचे तुकडे दोन्हीकडे गेले आणि मॉडेलने उत्तर आधीच पाहिलं. वाटणी पूर्ण ट्रायलनुसार करा. ‘चांगले’ न्यूरॉन निवडायला आणि मग त्यांचा चांगुलपणा सिद्ध करायला तोच डेटा वापरला असेल, तर निकाल निरर्थक आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं: चाक फिरायला सुरुवात कधी झाली? प्राणी हलला की त्याचा परिणाम जवळपास सगळ्या मेंदूत दिसतो. तुमचा क्लासिफायर निर्णय वाचत नसून हालचाल वाचत असण्याची शक्यता दाट आहे. हालचालीच्या आधीची खिडकी घ्या, अचूकता किती घसरते ते बघा. ती घसरली तर ते अपयश समजू नका, तो तुमचा पहिला खरा निष्कर्ष आहे. त्याची दोन पानं लिहून ठेवा. मुलाखतीत मला दहा प्रमाणपत्रांपेक्षा ती दोन पानं वाचायला आवडतील.

साधनांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पायथन, नमपाय, गिट तुम्हाला येतंच. न्यूरॉनची जाळी चालवायला ब्रायन सोपं आहे, फांद्यांसकट तपशीलवार पेशी हवी असेल तर ‘न्यूरॉन’ नावाचाच सिम्युलेटर, मोठ्या जाळ्यांसाठी नेस्ट. बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत उपिंदर भल्ला यांच्या गटात वाढलेला मूसही आहे, पेशीतलं रसायन आणि वीज एकत्र बघायची असेल तर तो बघा. हे सगळे प्रकल्प खुले आहेत आणि चांगल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरची त्यांना कायम गरज असते. एखादा बग दुरुस्त करा, दस्तऐवज सुधारा. आयएनसीएफ ही चेताविज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था गूगल समर ऑफ कोड या खुल्या सॉफ्टवेअरच्या उपक्रमात असे प्रकल्प देत आली आहे. चार वर्षांचा कामाचा अनुभव ही तुमची जमेची बाजू आहे, ती अर्जात लपवू नका.

निबंध वाचायची सवय पहिल्या महिन्यापासून लावा. आठवड्याला एक पुरे. सारांश वाचा, मग आकृत्या बघा, प्रत्येक आकृतीखाली आपल्या शब्दांत मराठीत एक वाक्य लिहा: यांनी काय मोजलं, आणि त्यावरून काय म्हणताहेत. या दोन गोष्टींत जिथे अंतर दिसेल तिथे खूण करा. त्या खुणांतूनच पुढे तुमचे प्रश्न निघतील. दोन-तीन महिन्यांतून एकदा एखाद्या निबंधातली एक आकृती स्वतः करून बघा. मॉडेलडीबी या संग्रहात असंख्य मॉडेलांचे मूळ कोड आहेत, अडलात तर तिथे पडताळा.

आता एकट्याच्या अभ्यासाची मर्यादा. वर्षभरानंतर असा टप्पा येतो की तुम्ही बरोबर चाललात की भरकटलात हे सांगायला कुणीतरी लागतंच. २०२० मध्ये सुरू झालेली न्यूरोमॅच अकादमी ही तीन आठवड्यांची ऑनलाइन उन्हाळी शाळा आहे. तिचा अभ्यासक्रम बारा महिने मोफत खुला असतो, पण सुट्टी काढून प्रत्यक्ष सहभागी व्हा, कारण तिथे छोट्या गटात प्रकल्प करावा लागतो आणि गटाचा मार्गदर्शक अडवून प्रश्न विचारतो. फी देशागणिक बदलते आणि सवलत मागता येते. एनसीबीएसमध्ये भरणारी कॅम्प ही शाळा स्मृती आणि प्लास्टिसिटीच्या (सिनॅप्सची ताकद बदलण्याच्या) मॉडेलांवर आहे. त्यासाठी थोडी तयारी झाल्यावर अर्ज करा.

तुम्ही पुण्यात आहात हा मोठा फायदा आहे. पाषाणच्या आयसरमध्ये कॉलिन्स असिसी आणि सुहिता नाडकर्णी यांचे गट याच विषयात काम करतात. आयसरची व्याख्यानं कधी असतात ते बघत राहा, शक्य असेल तेव्हा जाऊन मागे बसा. बंगळुरूला आयआयएस्सी आणि एनसीबीएसमध्ये, चेन्नईला आयआयटी मद्रासमध्ये या विषयाचे गट आहेत. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगच्या पदवीवर काही ठिकाणी थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो, काही ठिकाणी मास्टर्स लागते. गेट, जेजीबील्स किंवा नेट या परीक्षांपैकी काय चालतं तेही संस्थेनुसार बदलतं. त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर राहू नका.

पैशाचंही स्पष्ट बोलायला हवं. २०२३ पासून जेआरएफ (संशोधन करणाऱ्याची फेलोशिप) महिन्याला ३७ हजार रुपये आणि दोन वर्षांनी ४२ हजार, शिवाय नियमाप्रमाणे घरभाडं. सॉफ्टवेअरच्या पगारापुढे हे कमी आहे. घरच्यांशी आधी बोला, कर्जाचे हप्ते असतील तर ते संपवायचं नियोजन करा. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं जातात आणि मनात घरखर्चाची चिंता ठेवून ती निभत नाहीत.

थेट पीएच.डी.आधी एखाद्या प्रयोगशाळेत वर्षभर प्रोजेक्ट असोसिएट म्हणून काम करणं हा मला सगळ्यात चांगला मार्ग वाटतो. तुम्हाला हे काम रोज करायला आवडतं का ते कळतं, आणि तुमच्याबद्दल खात्रीने लिहू शकेल असं कुणीतरी मिळतं. त्यासाठी गटप्रमुखांना ई-मेल लिहाल तेव्हा तो दहा ओळींचा ठेवा. पहिल्या दोन ओळींत तुम्ही कोण ते सांगा. मग त्यांच्या एका निबंधाबद्दल लिहा, पण ‘तुमचं काम फार प्रेरणादायी आहे’ असं नको. त्यातली कोणती आकृती तुम्ही करून बघितली, काय जुळलं, काय जुळलं नाही, ते लिहा. कोडचा दुवा द्या आणि डेटावरची ती दोन पानं जोडा. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा. लोक खरोखर कामात बुडालेले असतात. तरीही आलं नाही तर पुढच्या गटाकडे वळा आणि ई-मेल पुन्हा नव्याने लिहा, कारण दुसऱ्या गटाचा निबंध वेगळा असेल आणि आकृतीही वेगळी करावी लागेल.

राजीनामा प्रोजेक्ट असोसिएटच्या जागेचं पत्र हातात आल्यावरच द्या. ‘पूर्ण वेळ अभ्यास करायला’ म्हणून त्याआधी नोकरी सोडू नका. संध्याकाळचे दोन तास, शनिवारची सकाळ आणि हातात एक ठरलेला प्रश्न एवढ्यावर दीड-दोन वर्षांत तुम्ही असा ई-मेल लिहिण्याइतके तयार होता.